लोकलमधली जाहिरात आणि आपल्या लेकीचा लघुप्रबंध

मागच्या वर्षावासातली गोष्ट. रविवारचे प्रवचन संपले होते, खीर वाटून झाली होती आणि आम्ही चटया गुंडाळत होतो. तेवढ्यात विहाराच्या अभ्यासिकेत रोज बसणारी एक मुलगी जवळ आली. ती पत्रकारितेत एम.ए. करते. म्हणाली, "जय भीम ताई. मासिकाचे आरोग्य पान तुम्हीच बघता ना? मला लघुप्रबंधाचा विषय ठरवायचाय. दहा दिवसांत मॅडमना सांगायचाय. पण विषय जरा तसला आहे."

तसला म्हणजे कसला, हे विचारायची वेळ आली नाही. तिने वही पुढे केली. वहीत लिहिले होते : माध्यमांतील लैंगिक आरोग्याचे चित्रण. शेजारी चटई झटकणाऱ्या दोन मावशींनी ते वाचले आणि एकदम दुसरीकडे पाहू लागल्या.

ज्यांच्या घरात अजून कोणी एम.ए.पर्यंत पोचलेले नाही, त्यांच्यासाठी सांगतो. शेवटच्या सत्रात विद्यार्थ्याने एक प्रश्न घेऊन स्वतः त्याचा शोध घ्यायचा आणि साठसत्तर पाने लिहायची, याला लघुप्रबंध म्हणतात. मार्गदर्शक प्राध्यापक असतात, पण विषय आपला आपण निवडायचा असतो. लैंगिक आरोग्य म्हणजे नुसता एड्स नव्हे. पाळी, अंगावरून पांढरे जाणे, मूल न होणे, गर्भनिरोधके, गर्भपात, संबंधातून पसरणारे आजार हे सगळे त्यात येते. नवऱ्याच्या जबरदस्तीपासून सुटका हीसुद्धा त्यातच. आपल्या वस्तीत यातले एकही दुखणे नसलेले घर दाखवा. पण ही दुखणी दाराआड राहतात. डेंग्यू झाला की सगळी गल्ली भेटायला येते, तसे यात होत नाही.

मुलीची अडचण दुहेरी होती. मॅडम म्हणत होत्या, विषय फार मोठा आहे, दहा जणांनी दहा वर्षे केला तरी संपायचा नाही. घरचे म्हणत होते, विषय फार वाईट आहे. आम्हाला वाटले, आधी घर बघू.

घरी गेलो. चहा झाला. आईचे म्हणणे सरळ होते, "उद्या स्थळ आले, त्यांनी विचारले मुलीने कशावर लिहिले, तर आम्ही काय तोंडाने सांगायचे?" आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "आपण पंचशील घेतो. तिसरे शील काय सांगते? मग पोरीने हे कशाला धुंडाळायचे?" वडील पालिकेत नोकरीला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढे शिकवले तर बाबासाहेबांवर लिही की. तेवढा मोठा माणूस सोडून हे काय घेऊन बसलीस?"

आम्ही म्हटले, "काका, हा बाबासाहेबांचाच विषय आहे."

त्यांना खरे वाटेना. म्हणून जी हकीकत त्या दिवशी त्यांच्या खोलीत बसून सांगितली, तीच इथे थोडक्यात सांगतो. जयंतीच्या भाषणांत ती फारशी ऐकायला मिळत नाही.

१९२७ साल आपल्याला दोन गोष्टींसाठी पाठ असते : महाडचा सत्याग्रह आणि 'बहिष्कृत भारत'. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईत आणखी एक मासिक निघाले, 'समाजस्वास्थ्य'. संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ सालीच त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. त्या कामापायी पुढे त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. 'समाजस्वास्थ्य' मासिकात गर्भनिरोधन, गुप्तरोग, स्त्रीपुरुष संबंध यांवर ते शास्त्रीय माहिती देत, आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत. नाक मुरडणारे खूप होते. १९३१ साली अश्लीलतेचा खटला झाला, १०० रुपये दंड झाला. कर्वे थांबले नाहीत. मग वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा अटक झाली आणि १९३४ साली दुसरा खटला उभा राहिला. या वेळी मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर.

त्या काळात बाबासाहेबांच्या डोक्यावर कामाचा केवढा डोंगर होता हे आपण जाणतो. गोलमेज परिषदा झाल्या होत्या, पुणे करार होऊन दीडएक वर्ष लोटले होते. असा माणूस एका ब्राह्मण प्राध्यापकाच्या वादग्रस्त मासिकासाठी न्यायालयात का उभा राहिला? त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता : लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही. लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, आणि चुकीच्या समजुती जायच्या तर ज्ञानानेच जातील. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत कर्वे ते मासिक काढत राहिले.

बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. १९३८ साली नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला, पी. जे. रोहम यांनी तो मांडला. वारंवारच्या बाळंतपणांनी बाईची काय दशा होते, गरिबाचा संसार कसा खचतो, हे त्यात होते. ठराव फेटाळला गेला.

वडील ऐकत होते. आजींना मात्र शीलाचे उत्तर हवे होते. आम्ही भन्ते नाही, पण आमची समजूत सांगितली. वासनेपायी दुसऱ्याला दुखवू नये, फसवू नये, असे ते शील आहे. आपल्या शरीराला काय झाले आहे हे जाणून घेण्याला त्यात कुठे मनाई आहे? अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः आंघोळ घातली, ही कथा आजींनीच आम्हाला लहानपणी सांगितलेली. त्या भिक्षूला कोणी म्हटले नाही की तुझा आजार लाजेचा आहे. आजी म्हणाल्या, "ते खरं." आणि पुन्हा गप्प झाल्या. होकार होता की नाही, कळले नाही.

वातावरण सैल झाले ते वेगळ्याच कारणाने. मुलगी सांगत होती की जुन्या जाहिरातींचाही अभ्यास करता येईल. वडील एकदम म्हणाले, "तो बलबीर पाशा!" आणि हसू लागले. २००२ च्या शेवटाला मुंबईत जागोजागी मोठे फलक लागले होते. बलबीर पाशाला एड्स होईल का, एवढाच हिंदीतला प्रश्न. हा पाशा कोण, याची चर्चा नाक्यानाक्यावर, बसमध्ये, सगळीकडे. नंतर कळले की तो खरा माणूसच नव्हता, एड्सविषयी बोलायला लावणारी ती मोहीम होती. वडील म्हणाले, "आम्ही कामावर सगळे त्याच्यावरच बोलायचो. त्याआधी असलं कधी बोललो नव्हतो." मुलीने विचारले, "मग पप्पा, त्यात बाई कशी दाखवली होती?" त्यांनी आठवून सांगितले, धंद्यातली. मोहिमेवर तेव्हा हीच टीका झाली होती, की पुरुष घराघरांतून आजार नेतो-आणतो, आणि चित्रात रोगाचे मूळ म्हणून देहविक्री करणारी बाई उभी राहते. माध्यमांचा अभ्यास म्हणजे काय, ते त्या खोलीत आपसूक समजले. फलकावर काय लिहिले आहे एवढे बघून भागत नाही. दोष कोणावर टाकलाय, रोगी कोणाला ठरवलेय आणि कोण चित्रात आलेच नाही, तेही बघायचे.

घरचा अडसर असा निम्मा सुटला. आता राहिला प्रश्न मोठ्या विषयातला छोटा तुकडा कुठला घ्यायचा. हे वाचणाऱ्या घरांत अशी मुले असतील, म्हणून तो शोध जरा सविस्तर सांगतो.

तिचा पहिला विचार सिनेमाचा होता. 'पॅडमॅन' आहे, 'विकी डोनर' आहे, 'बालक-पालक' आहे. २०२३ साली आलेल्या 'ओएमजी २' मध्ये तर शाळेत लैंगिक शिक्षण हवे हाच विषय, आणि त्याला प्रमाणपत्र मिळाले 'ए', म्हणजे ज्यांच्यासाठी विषय होता ती शाळकरी मुले तो बघू शकली नाहीत. यावर लिहिण्यासारखे खूप आहे. पण सिनेमावर दरवर्षी पुष्कळ विद्यार्थी लिहितात, आणि सगळी सामग्री मोबाइलवर बसून मिळते. आम्ही तिला एकच विचारले, "तुझ्या आईला अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास झाला तेव्हा तिने यातला कोणता सिनेमा बघितला?" ती हसली. पुढच्या पानावर गेली.

दुसरा विचार निरोधच्या जाहिरातींचा. सरकारने १९६८ साली निरोध बाजारात आणला, पंधरा पैशांना तीन. लाल त्रिकोण आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर अजून आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सांगितले की कंडोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात दाखवा, लहान मुलांनी बघू नयेत. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांना हा नियम वाचून हसावे की रडावे कळत नाही. दिवसा मुले बाहेर खेळतात, रात्री दहानंतरच आईबाप, पोरे, आजी सगळे एका खोलीत असतात. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणाचे घर होते, हा प्रश्नच एका लघुप्रबंधाचा आहे. मॅडमनाही तो आवडला. पण जुन्या जाहिराती आणि वाहिन्यांच्या नोंदी मिळवायला चार महिने पुरणार नव्हते.

तिसरा विचार आमच्याही मनाला लागला. वर्तमानपत्रांत लोकसंख्येवर किंवा एचआयव्हीवर बातमी आली की सोबतचा फोटो बहुतेक वेळा वस्तीचा असतो. पत्र्याची घरे, गटार, उघडी पोरे. जणू रोग आणि पोरे फक्त आपल्याकडेच होतात. या नजरेचा चटका आपल्या लोकांनी सोसलेला आहे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, आणि सक्तीचा मारा गरिबांवर जास्त पडला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर त्या काळात सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. बाबासाहेबांचे संततिनियमन आणि हे, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तिकडे बाईच्या हाती निर्णय होता, इकडे पोलिसाच्या. हा विषय मोठा आहे, ग्रंथालयांत बसून जुनी वर्तमानपत्रे चाळण्याचा आहे. आम्ही म्हटले, हा पीएच.डी.साठी राखून ठेव, तेव्हा बार्टीच्या अधिछात्रवृत्तीला अर्ज करता येईल.

मग ती एक दिवस आमच्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या मासिकाचे जुने अंक बघू का?" आम्ही आनंदाने गठ्ठे काढून दिले. मागच्या काही वर्षांचे अंक तिने तीन संध्याकाळी बसून चाळले. आरोग्य पानावर मधुमेह होता, रक्तदाब होता, डेंग्यू, क्षयरोग, मूतखडा, उन्हाळ्यात काय खावे, सगळे होते. लैंगिक आरोग्य फक्त डिसेंबरच्या अंकात, जागतिक एड्स दिनाच्या निमित्ताने, ते सुद्धा सरकारी पत्रकातून उतरवलेले. पाळीवर एक लेख होता, त्यात 'स्वच्छता राखा' एवढाच उपदेश. अंगावरून पांढरे जाणे हा शब्द कुठेच नव्हता. गर्भपात कायदेशीर आहे ही ओळ आम्ही कधीही छापलेली नव्हती. तो कायदा १९७१ सालचा आहे.

तिने हे तक्रार म्हणून सांगितले नाही. पण आम्हाला खाली बघावे लागले. १९३४ ची गोष्ट आम्ही तिच्या वडिलांना मोठ्या अभिमानाने ऐकवली होती, आणि आमच्याच पानावर त्या गोष्टीचा मागमूस नव्हता. कारण काय सांगणार? विहाराच्या पायरीवर अंक ठेवलेला असतो, लहान मुले वाचतात, वर्गणीदार रागावतील, अशी कारणे आम्ही स्वतःलाच देत आलो. कर्व्यांवर खटला भरणाऱ्यांचे म्हणणे याहून फार वेगळे नसावे.

आणि मग विषय सापडला. तो ती रोज बघत होती. हार्बरच्या लोकलने कॉलेजला जाताना दाराजवळ, खिडकीच्या वर, पंख्याखाली चिकटवलेली ती हातभर कागदाची जाहिरात. गुप्तरोग. स्वप्नदोष. शीघ्रपतन. सफेद पानी. निराश झालेल्यांनी एकदा भेटावे. शंभर टक्के गॅरंटी. आपण जिथे गप्प बसलो, तिथे हा कागद रोज मोठ्याने बोलतो आहे. वस्तीतल्या तरुणाला त्याच्या शरीराविषयी पहिला धडा आई देत नाही, शाळा देत नाही. २००७ साली शाळांतले किशोरवयीन शिक्षण बंद करणाऱ्या राज्यांत आपला महाराष्ट्रही होता. तो धडा देतो हा कागद.

महिला मंडळातल्या वयस्क बायकांना हे सांगितले तर त्यांना बायकांच्या डब्यातली जुनी जाहिरात आठवली, सत्तर रुपयांत गर्भपात. एक मावशी म्हणाल्या, "आम्हाला कायदा त्या जाहिरातीतूनच कळला गं." म्हणजे जाहिरात कधी उपयोगीही पडते. म्हणूनच तिचा अभ्यास करायचा.

विषय आता असा ठरला आहे : हार्बर मार्गावरच्या ठरावीक स्थानकांदरम्यान एका महिन्यात दिसलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती काय बोलतात, आणि त्याच विषयावर समाजाची नियतकालिके काय बोलतात. नियतकालिकांत पहिले नाव आमचे. मॅडमनी लगेच होकार दिला, कारण प्रश्न एकच आहे, सामग्री मोजता येते आणि चार महिन्यांत काम संपते.

बायकांच्या डब्यातले फोटो ती काढते. पुरुषांच्या डब्यातले काढायला धाकट्या भावाला पाठवले. पहिल्या दिवशी तो रिकाम्या हाताने परत आला. म्हणाला, "दीदी, मी मोबाइल वर केला की सगळे माझ्याकडेच बघतात. त्यांना वाटतं मला नंबर पाहिजे." आता तो शेवटची गाडी कारशेडला जायच्या आधी रिकाम्या डब्यात फोटो काढतो.

जमलेल्या जाहिरातींत तिने जे टिपले आहे, ते ऐकून आम्हीही नव्याने विचार करू लागलो. नावच बघा, गुप्तरोग. रोगाच्या आधी लपवाछपवी. मग येते 'बचपन की गलती'. हस्तमैथुनाला चूक ठरवायचे, चुकीतून कमजोरी आली असे सांगायचे, आणि कमजोरीवर औषध विकायचे. आधी भीती तयार करायची, मग तिच्यावर दुकान मांडायचे. जोडीदाराचीही तपासणी करा असे एकाही कागदावर नाही. रक्त तपासा असे नाही. डॉक्टरची नोंदणी कोणत्या परिषदेत आहे ते नाही. बाई दिसते ती फक्त मूल न होणारी म्हणून, किंवा 'सफेद पानी' या दोन शब्दांत. आणि या सगळ्या जाहिराती मुळात कायद्याने गुन्हा आहेत. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय कायदा सांगतो की लैंगिक शक्ती वाढवण्याच्या, गुप्तरोग बरे करण्याच्या, पाळीचे दोष दूर करण्याच्या औषधांची जाहिरात करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कायदा सत्तरीचा झाला, कागद अजून ताजा चिकटतो.

आमच्यातल्या एका कार्यकर्त्याला वस्तीतल्या एका तरुणाने मन मोकळे केले. नाका कामगार आहे. लघवीवाटे धातू जाते असे त्याला वाटत होते. कागदावरच्या पत्त्यावर गेला. तिथे त्याला सांगितले की शंभर थेंब रक्ताचा एक थेंब होतो, तू आतून पोकळ झालास. दर आठवड्याला चूर्ण आणि तेल. दिवाळीपर्यंतची सगळी मजुरी गेली, लग्न पुढे ढकलले. कुठला दवाखाना ते आम्ही लिहीत नाही. असे एक नाही.

तेव्हा आमच्या पानाने इतकी वर्षे न लिहिलेले आता लिहितो. वीर्य रक्तापासून बनत नाही. ते वृषणे, शुक्राशय आणि पुरस्थ ग्रंथी यांत सतत तयार होते आणि बाहेर पडते, झोपेतही पडते. त्याने अशक्तपणा येत नाही, लग्नाला बाधा येत नाही, हस्तमैथुनानेही नाही. या भीतीने थकवा, झोप न लागणे, छातीत धडधड होते हे मात्र खरे, आणि ते दुखणे मनाच्या डॉक्टरचे आहे. डॉ. नरेंद्र विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० सालीच या भीतीला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. पण लघवीच्या जागी पू येत असेल, फोड किंवा जखम असेल, जांघेत गाठ असेल, तर तो खरा आजार असू शकतो आणि लगेच तपासायला हवा. जखम न दुखता आपोआप भरली तरी आजार गेला असे समजू नका. सिफिलिसची जखम अशीच भरते आणि आजार आत राहतो.

बायांसाठी : थोडे पांढरे किंवा पारदर्शक, वास नसलेले पाणी जाणे नैसर्गिक आहे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत ते वाढते, चिकट होते. त्याने हाडे झिजत नाहीत. खाज सुटणे, दह्यासारखे किंवा पिवळे-हिरवे जाणे, घाण वास, ओटीपोटात दुखणे ही दाखवायची लक्षणे आहेत. संबंधानंतर रक्त दिसले, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त गेले, तर एक दिवसही थांबू नका, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. आपल्या विद्यार्थिनीच्या आईने कितीतरी वर्षे काढली, का, तर रुग्णालयात खाली झोपून तपासतात, त्याची लाज. शेवटी जंतुसंसर्ग निघाला. नवरा-बायको दोघांना औषध दिले, बरे झाले. दोघांनी घेतले नाही तर आजार परत येतो, ही गोष्ट कुठल्याच पोस्टरवर नसते.

मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाचे केंद्र असते. तिथे समुपदेशक असतात, तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी केंद्रात मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही, निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. घरातून बाहेर पडायचा धीर होत नसेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत.

लघुप्रबंधात मुलाखतीही आहेत, आणि तिथे आम्ही तिला एका गोष्टीत अडवले. वस्तीतल्या लोकांना त्यांच्या आजाराबद्दल विचारायचे नाही. पोस्टर दाखवायचे आणि विचारायचे, यातून तुम्हाला काय कळले? माणूस स्वतःच्या शरीराविषयी बोलायला लाजतो, कागदाविषयी मोकळेपणाने बोलतो. बोलता बोलता त्याने स्वतःचे सांगितलेच तर ते वहीत उतरवायचे नाही. अठरा वर्षांखालच्यांना घ्यायचे नाही. फोटोत प्रवाशांचे चेहरे नकोत, जाहिरातीतले फोन नंबर झाकायचे, नाहीतर त्यांचीच फुकट जाहिरात व्हायची. वस्तीचे नावसुद्धा लिहू नकोस म्हटले. उद्या कोणी वर्तमानपत्राने उचलले तर शेजारी पुन्हा पत्र्याच्या घराचा फोटो छापतील. हे तिला पटले. मॅडम म्हणाल्या, विद्यापीठाच्या नीती समितीला जे पत्र द्यायचे त्यात हेच लिही.

आईची समजूत पूर्ण पटली आहे असे आम्ही म्हणणार नाही. कोणी विचारले तर त्या सांगतात, "रेल्वेवर लिहितेय." वडिलांनी मात्र कपाटातून बाबासाहेबांच्या चरित्राचा खंड काढून दिला, १९३४ च्या पानावर खूण घालून. तिथे खटल्याचा उल्लेख नव्हता. आता ते दुसरा खंड शोधत आहेत.

आमच्यापुरते सांगायचे तर, विहारात प्रश्नांची पेटी ठेवली आहे. आधी चपला काढतात तिथे ठेवली होती, पण तिथे कायम कोणीतरी बसलेले असते आणि पेटीत एकही चिठ्ठी पडली नाही. म्हणून ती अभ्यासिकेच्या जिन्याखाली हलवली आहे. किल्ली महिला मंडळाकडे आहे. चिठ्ठीवर नाव लिहू नका, फक्त वय लिहा आणि बाई की पुरुष ते लिहा. सरकारी रुग्णालयातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एका त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी उत्तरे द्यायचे कबूल केले आहे. पुढच्या अंकापासून या पानाचा खालचा अर्धा भाग त्यासाठी ठेवला आहे.